नारळ फोडलेला कॉम्प्युटर

"ममता, त्याच्यावर लिहिलेलं पुसलं की ते जातं कुठं गं?"

ममताच्या वडिलांनी, तुळशीदास गुरुजींनी, हे विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडात तिळाचा लाडू होता. २००५ सालची संक्रांत शुक्रवारी आली होती. शाळेला सुट्टी म्हणून ममता आदल्या संध्याकाळीच खोडाळ्याहून जव्हारला घरी आली होती. आई चुलीपाशी गुळाचा पाक ढवळत होती, ममता तिच्या शेजारी बसून हाताला तूप लावून लाडू वळत होती, आणि गुरुजी उंबऱ्यात उन्हाला पाठ देऊन बसले होते. जव्हारच्या थंडीत ती त्यांची ठरलेली जागा.

"एक कचऱ्याची डबी असते आतमध्ये," ममता म्हणाली. "पुसलेलं सगळं तिच्यात पडतं. पाहिजे तर परत काढता येतं."

"म्हणजे पुसलं तरी पुसलं जात नाही!" गुरुजी मनापासून हसले. "चौतीस वर्षं फळा पुसला मी. एकदा पुसलेलं कधी परत मिळालं नाही."

डबीचं ममताला ट्रेनिंगच्या पुस्तिकेतून कळलं होतं. पान अकरा. ती डबी तिनं डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. तिच्या शाळेतला कॉम्प्युटर येऊन तीन महिने झाले होते आणि या तीन महिन्यांत तो एकदाही चालू झालेला नव्हता. ही गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

ममता खोडाळ्याच्या पुढं कोसभरावरच्या एका पाड्यावर शिकवायची. दोन शिक्षकी शाळा. ती आणि सुदर्शन सर. सर मूळचे देशावरचे, वयानं मोठे, म्हणून मुख्याध्यापक तेच. कॉम्प्युटर येणार असं पत्र आलं तसं मोखाड्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग लागलं, आणि सरांनी तिथं ममताला पाठवलं. बारा शिक्षक आणि एक यंत्र. पुढच्या ओळीतले लोक तीन दिवस तिथून हलले नाहीत. ममता मागे उभी राहून मानांच्या फटींतून पडदा बघत राहिली. माऊस तिच्या हाताला लागलाच नाही. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मात्र मिळालं आणि शाळेत यंत्र आलं तेव्हा सर म्हणाले, "ट्रेनिंग तुमचं, म्हणजे वस्तू तुमच्या ताब्यात." डेडस्टॉक रजिस्टरवर तिनं सही केली. शाळेतली कुठलीही वस्तू फुटली, बिघडली, तर आधी बघितली जाते ती त्या रजिस्टरवरची सही.

तरीही ती शिकली असती. आडवा आला तो नारळ.

खंडेनवमीला पाटी-पुस्तकांची पूजा व्हायची, तेव्हा नव्या यंत्राचीही करावी असं तिच्याच मनात आलं. सर दसऱ्याला गावी गेलेले. मुलांनी झेंडूची माळ केली, त्यांच्यातल्या सुकरीनं हळदकुंकू लावलं. नारळ फोडायला पाड्यावरचे जिवाबाबा आले. हापसा बसला तेव्हा त्यांनी नारळ हापशावर फोडला होता, विजेची डीपी आली तेव्हा डीपीच्या खांबावर. नव्या वस्तूचा मान वस्तूवरच द्यायचा, ही त्यांची रीत. ममता "बाबा, दगडावर..." म्हणेपर्यंत त्यांनी टेबलाच्या लोखंडी कडेवर, कीबोर्डाला लागूनच, नारळ हाणला होता. अर्ध्याहून जास्त पाणी अक्षरांवर सांडलं, थोडं पेटीच्या फटींतून आत गेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जिवाबाबा समाधानानं म्हणाले, "आता नाय बिघडायचा."

ममतानं पदरानं पुसून घेतलं. वीज आणि पाणी एकत्र आलं की काय होतं ते चौथीच्या पुस्तकातून ती स्वतःच शिकवत होती. त्या दिवशी तिनं बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही दाबलं नाही. सर परत आले, त्यांनी विचारलं, "चालतो का?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "चालतो. लाइट असली तर."

एकदा असं म्हटल्यावर मग मागं येता येईना. यंत्रावर तिनं जुनी चादर घातली, दोऱ्यानं बांधली. सर टोमणा मारायचे, "बाई, तुमचं यंत्र म्हणजे नवी नवरी. तोंडावरचा पदर काही निघत नाही." ती हसायची आणि दोऱ्याची गाठ पुन्हा आवळायची. आणि दर रविवारी जव्हारला वडील विचारायचे, "या आठवड्यात काय शिकवलं त्याच्यावर?" पुस्तिकेची पानं पाठ होती, तिची उत्तरं तयार असायची. ती उत्तरं गुरुजी तशीच उचलून घेऊन जायचे आणि एसटी स्टँडसमोर पेन्शनवाले बसत तिथं सांगायचे.

संक्रांतीच्या त्या सकाळी लाडू संपवून त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्या शाळेत. डोळ्यांनी बघतो एकदा."

ममताच्या हातातला लाडू चपटा झाला.

"उद्या शनिवार आहे, बाबा. सकाळची शाळा. सहाच्या गाडीनं जावं लागतं, थंडी मरणाची..."

"सहाच्या कशाला? तू जा सहाच्या. मी आठच्या गाडीनं निघतो. साडेनऊला खोडाळा, सव्वादहापर्यंत चालत तुझ्या दारात."

"गुडघे दुखतील," आई म्हणाली.

"दुखू दे. पोरगी कॉम्प्युटर शिकवते आणि बाप घरात गुडघे सांभाळत बसतो, असं लोक म्हणतील."

"लोकांना काय कामं नाय होय!" आईनं पाकाची पळी त्यांच्याकडं रोखली आणि दोघंही हसली. ममताही हसली. ती हसली, कारण न हसणं दिसून आलं असतं.

दुपारी ती कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. वडिलांचं धोतर तिच्या हातात होतं. ते दोरीवर टाकता टाकता ती मनात म्हणाली, काहीही होऊ दे, उद्या बाबा यायला नकोत. देवाला म्हणाली की आणखी कोणाला, हे तिला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. पण शब्द हेच होते. दोन वेळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सहाच्या गाडीला निघताना गुरुजी मफलर गुंडाळून दारापर्यंत आले. म्हणाले, "मी येतोय म्हणून मुलांना घाबरवू नकोस. म्हातारा आहे, म्हणावं, मारत नाही." ती बरं म्हणाली आणि मागं न बघता उतारानं निघाली. तिच्या डोक्यात फ्यूज होता.

शाळेत पोचल्याबरोबर, सर हजेरी घेत होते तेव्हा, तिनं मीटरच्या फळीवरचा फ्यूजचा पांढरा किटकॅट ओढून काढला, त्यातली तार सोडवली आणि किटकॅट परत बसवला. तार कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. आता वडील आले की ती म्हणणार होती, बाबा, बघा ना, नेमका आजच फ्यूज गेला. ते म्हणतील, असू दे. चादर काढून हात लावतील, मागून पुढून बघतील. मग डब्यातली भाकरी खातील आणि जातील. यापलीकडं काही होणार नव्हतं. पण तिसरीचा पाढा घेताना तिचा आवाज दोनदा फाटला आणि बाळ्यानं मागच्या रांगेतून विचारलं, "बाई, ताप आलाय का?"

वर्गाच्या दारातून रस्त्याचं वळण दिसायचं. दहा वाजले. सव्वादहा झाले. वडील चालायला लागले की आधी त्यांची छत्री दिसणार, हिवाळ्यातही ते छत्री घेऊन चालत. साडेदहा झाले. धोतरातला दिसेल तो प्रत्येक माणूस तिला तेच वाटू लागले. एकदा लाकडाची मोळी घेतलेला माणूस वळणावर आला तर पाढा तिच्या तोंडातच थांबला.

पावणेअकराच्या सुमाराला मोटारसायकलचा आवाज आला. त्या रस्त्यावर मोटारसायकल क्वचित. वळणावर धूळ उठली, आणि गाडीवर एकच माणूस होता. जव्हारच्या स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा जुल्फिकार. चाळीस-पंचेचाळिशीचा, गुरुजींचा जुना विद्यार्थी. मागची सीट रिकामी होती.

बाबांनी निरोप धाडलेला दिसतो, ममताला वाटलं. गुडघे धरले असतील. येत नाहीत.

तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं. ती दारात आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"काय जुल्फिकारभाई, बाबा नाही आले ना?"

जुल्फिकारनं गाडी स्टँडला लावली नाही, दोन्ही पाय जमिनीवर टेकून तसाच बसून राहिला. तिच्या हसऱ्या तोंडाकडं त्यानं एकदा बघितलं आणि नजर हँडलकडं नेली.

"घरी चला, ताई," तो म्हणाला. "बसा मागं. घरी चला."

गुरुजी जव्हारच्या स्टँडवर आठच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. गाडी लागली, लोक चढले. ते उठले नाहीत. जुल्फिकारनं हाक मारली, खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांची छत्री घरंगळत खाली पडली. दवाखान्यात नेलं तिथं डॉक्टरांनी नाडीसुद्धा फार वेळ धरली नाही.

दिवसकार्य झालं. भावंडं, नातलग, गुरुजींचे विद्यार्थी येऊन गेले. प्रत्येक जण ममतापाशी बसून एकच सांगत होता: शेवटपर्यंत तुझंच नाव होतं तोंडात, तुझ्या कॉम्प्युटरचंच कौतुक. ती मान हलवत रडत होती. ते रडणं ऐकणाऱ्यांना वडिलांसाठी वाटत होतं आणि ते वडिलांसाठी होतंच. पण त्याच्या खाली दुसरी एक गोष्ट दडून बसली होती आणि तिला हात लावायची ममताची छाती नव्हती. काहीही होऊ दे, ती म्हणाली होती. मग झालं होतं.

ती वाचणारी मुलगी होती. नवस आणि चेटूक यांना हसणारी. कार्यकारणभाव म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तरीही शाळेत परत आल्यावर ती त्या खोलीत पाऊल टाकेना, जिथं चादरीखाली ते चौकोनी डोकं दिसत होतं. मुलांना तिनं व्हरांड्यात बसवायला सुरुवात केली. सरांनी ऊन लागतं म्हणून विचारलं तर म्हणाली, उजेड चांगला पडतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी जुल्फिकार परत आला, या वेळी एसटीनं आणि चालत. खांद्याला रेक्झिनची पिशवी. शाळा सुटलेली, सर खोडाळ्याला गेलेले. चार-पाच मुलं अंगणात रेंगाळत होती.

"गुरुजींनी सांगितलेलं काम राहिलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं उरकून टाकू."

"कोणतं काम?"

"त्या दिवशी मी पण त्यांच्याबरोबर येणार होतो. तुम्हाला नाही बोलले? संक्रांतीला तिळगूळ घेऊन दुकानात आले. बोलले, शनिवारी ममताच्या शाळेत जाऊ, मशीन बघून येऊ. तू टेस्टर आणि पाने घे सोबत."

ममता व्हरांड्यातून खाली आली.

"टेस्टर कशाला?"

"मी पण तेच विचारलं. बिघडलंय का? तर बोलले, माहीत नाही, तू घेऊन ठेव."

"म्हणजे त्यांना कळलं होतं?"

"काय कळलं होतं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. आणि मग जे तिनं तीन-चार महिने कोणालाही सांगितलं नव्हतं, ते तिनं त्या रेडिओवाल्याला सांगून टाकलं. नारळ, पाणी, चादर, रविवारची खोटी उत्तरं, पर्समध्ये अजून पडून असलेली फ्यूजची तार. सगळं. फक्त एक गोष्ट सोडून.

जुल्फिकार ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "गुरुजींना कळलं असेल का, अल्ला जाणे. त्यांचं सांगू नका ताई, ते जयविलास राजवाडा बघायला आम्हाला दिवसाढवळ्या घेऊन गेले तेव्हासुद्धा बॅटरी घेऊन आले होते. सोबत असावी म्हणून." त्यानं पिशवी उघडली. "चला, नारळ बघू तुमचा."

चादरीची गाठ इतकी आवळलेली होती की ती त्याला कापावी लागली. त्यानं कीबोर्ड उलटा केला, स्क्रू काढले, आणि झाकण उचलताच लाल मुंग्यांची एक रांग त्याच्या मनगटावर चढली.

"या अल्ला!" त्यानं हात झटकला. "इथं तर पाडा वसलाय!"

खिडकीतली मुलं फिदीफिदी हसली. नारळाचं पाणी सुकून त्याचा चिकट थर झाला होता, त्यात कुंकू, त्यात मुंग्यांनी ओढून आणलेली अंडी. ममताला ओकारी आली आणि त्याच वेळी, कशी कोण जाणे, हसूही आलं. इतके दिवस ज्याला ती घाबरत होती तो हा एवढासा गोडाचा डाग होता. मोठ्या पेटीत डोकावून जुल्फिकारनं सांगितलं की आत पाण्याचे दोन ओघळ पत्र्यावरच सुकलेत, पुढं गेलेले नाहीत. स्पिरिटचा कापूस घेऊन त्यानं तासभर एकेक बटण पुसलं.

"आता फ्यूज घाला आणि बटण दाबा."

"तुम्ही दाबा."

"मी?" तो दोन पावलं मागं सरकला. "मी टीव्हीवाला माणूस, ताई. कॉम्प्युटर मी जिंदगीत आज पहिल्यांदा उघडला. मला काय माहीत दाबल्यावर काय होतं?"

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. तासभर तो न भिता बसला होता असं तिला वाटलं होतं, आणि तो तर भीतभीतच बसला होता. तिनं पर्समधली तार काढली, किटकॅटला गुंडाळली, किटकॅट खोबणीत दाबला. दारावरचा दिवा लागला. मग तिनं मुलांना खिडकीपासून लांब जायला सांगितलं, चप्पल पायात आहे ना ते बघितलं, आणि बोट बटणावर टेकवलं. बोट टेकवून ती किती वेळ उभी राहिली ते जुल्फिकारनं मोजलं असेल तर असेल.

आतून घुर्र असा आवाज आला. लांबच्या वळणावरून मोटारसायकल यावी तसा. तिनं दचकून रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता. वळून पाहिलं तर पडदा निळा झाला होता आणि त्यावर हिरवी टेकडी दिसत होती.

"आला!" खिडकीतून सुकरी ओरडली. "बाई, आला!"

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. भीती एका बटणानं जाणारी नव्हती. वीज दिवसातून जेमतेम दीड तास यायची, तीही वेळ ठरवून नाही. बॅटरीची पेटी मागाहून येणार होती, ती आलीच नाही. चालू असताना वीज गेली की पडदा काळा व्हायचा आणि ममताच्या मनात यायचं, संपलं. ती रात्री खोडाळ्याच्या खोलीत पुस्तिका घेऊन बसायची आणि सकाळी सरांकडं न बघता वर्गात शिरायची.

एकदा अशीच वीज जाऊन आली. तिनं बटण दाबलं तर हिरवी टेकडी आली नाही. नुसती पांढरी इंग्रजी अक्षरं धावायला लागली, ओळीमागून ओळ. पुस्तिकेत हे नव्हतं. तिच्या मागे वीस मुलं उभी होती. तिच्या कानांत गरम वाफ भरली.

"बाई, तो काय सांगतो?" सुकरीनं विचारलं.

सहा वर्षांच्या नोकरीत ममतानं फळ्यासमोर एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मास्तरला येत नाही असं मुलांना दिसू द्यायचं नसतं, हे कोणी न सांगताच सगळे शिक्षक पाळतात. तिचे वडीलही पाळत असतील.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

मुलांनी पडद्याजवळ डोकी आणली. मग फागू म्हणाला, "मंग थांबू जरासा. बैल पण सकाळी लगेच नाय उठत."

ती सगळी थांबली. कोणी बसलं, कोणी भिंतीला टेकलं. पाच-सात मिनिटांनी अक्षरं आपोआप संपली आणि टेकडी आली. मुलांनी आरडाओरडा केला. त्यांना वाटलं, थांबणं हाच उपाय होता. आणि तसं बघितलं तर तोच होता.

तिथून पुढं ती मुलांदेखत चुकायला लागली. चुकली की म्हणायची, चुकलं, परत बघू. दीड तासाची वीज पुरत नाही म्हणून तिनं व्हरांड्याच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं मोठा कीबोर्ड काढला, एकेक इंग्रजी अक्षराचा वीतभर चौकोन. मुलं लंगडी घालत आपापल्या नावाची अक्षरं टिपायची. वीज आली की धावत आत, आणि जमिनीवर पायांनी शिकलेलं बोटांनी. बुधाला आपलं नाव पाच उड्यांत येतं याचा फार अभिमान होता, आणि तुळसाच्या नावाला एक उडी जास्त म्हणून ती कुरकुरायची. कीबोर्डावरची तीन बटणं मुंग्यांनी कायमची नेली होती. त्यातलं एक एस होतं. सुकरी आपलं नाव 'उकरी' असं लिहायची आणि रागानं बटणावर बुक्की मारायची.

नारळाची गोष्ट तिनं सरांनाही सांगितली. वाटलं होतं ते रजिस्टर काढतील. ते पोट धरून हसले. "म्हणजे नवरी आंधळी की लंगडी हे तीन महिने कोणाला ठाऊक नव्हतं!" मग हळूच म्हणाले, "बाई, मला जरा माऊस धरायला दाखवा. मुलं नसताना." त्यांचा हात माऊसपर्यंत जाऊन मागं आला, आणि ते तिला ओळखीचं वाटलं. तिनं त्यांचा हात धरला नाही, शेजारी उभी राहिली आणि सांगत गेली. आपला आवाज शांत आहे, हे तिला मध्येच लक्षात आलं.

नारळाचं बोलता येत होतं. जिवाबाबासुद्धा आता ती गोष्ट स्वतःच रंगवून सांगत. खोट्या उत्तरांचंही बोलता येत होतं. पण रोज सकाळी पेटीतून घुर्र आवाज आला की तिची मान रस्त्याकडं वळायची, आणि ती वळते हे कोणाला दिसू नये म्हणून ती खडू शोधल्यासारखं करायची.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर आई म्हणाली, मला यायचंय. आईनं आयुष्यात शाळेत पाऊल टाकलं ते फक्त नवऱ्याला डबा द्यायला. ती आठच्या गाडीनं आली नाही. ममता तिला सहाच्या गाडीनं स्वतःबरोबर घेऊन आली, सबंध रस्ताभर तिचं मनगट धरून.

मुलांनी आजीला खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीवरून उतरून त्यांच्यात जमिनीवर बसली. वीज होती. ममतानं बटण दाबलं, कोणाला काय करायचं ते सांगितलं, अडलेल्याला पुढं नेलं. बाळ्यानं पडद्यावर एक कोंबडी काढली, तिला पाच पाय होते. आई तोंडाला पदर लावून हसली. "ही कोंबडी कोण कापणार रे? तंगड्यांवरून भांडणं होतील."

साडेअकराला मुलं गेली. सर चावी ममताकडं ठेवून निघाले. आई यंत्रासमोर आली, थोडी वाकून पडद्याकडं बघत राहिली. आपला हात माऊसवर ठेवला, लगेच काढला.

"ह्याच्यासाठी निघाले होते," ती म्हणाली. "त्या दिशी पहाटेपासून तीनदा भांग पाडला. मी म्हटलं, पोरीच्या शाळेत चाललात का सोयरीक बघायला? तर म्हणे, पोरगी मोठी झाली, नीट जायला हवं." तिनं डोळे पुसले नाहीत. "बघितलं असतं तर लय बरं वाटलं असतं त्यांना. तुला असं शिकवताना."

ममताला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तिनं यंत्र नीट बंद केलं, पडदा काळा होईपर्यंत थांबली. आता काही आवाज नव्हता. आईची पाठ तिच्याकडं होती. ममतानं दारातून रस्त्याच्या वळणाकडं एकदा बघितलं आणि आईजवळ आली.

"आई," ती म्हणाली. "त्या दिवशी हे बंद होतं. बाबांना दिसू नये म्हणून मी फ्यूजची तार काढून ठेवली होती."

आई वळली.

"आदल्या दिवशी त्यांचं धोतर वाळत घालताना मी म्हटलं होतं, काहीही होऊ दे, उद्या बाबा यायला नकोत. दोनदा म्हटलं. आणि जुल्फिकारभाई एकटेच आलेले दिसले तेव्हा मला बरं वाटलं, आई. बाबा आले नाहीत म्हणून मला बरं वाटलं. मी हसत हसत दारात गेले."